घर दिले, पण घरातला माणूस?

सोलापुरात विडी वळणाऱ्या बायांत पद्मशाली आहेत, दलित आहेत आणि आमच्या मुसलमान आयाबहिणीही आहेत. तंबाखूचा खोकला जात-धर्म विचारीत नाही. या बायांसाठी आडम मास्तरांनी कुंभारीला दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी घरांच्या चाव्या दिल्या. पुढे रे नगरची तीस हजार घरे मंजूर झाली. त्यातली पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते वाटली गेली. आम्ही हे काम कमी लेखत नाही. कौमच्या नावाने मते मागणाऱ्यांपैकी कोणी विडीवालीला एक खोली मिळवून दिल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

तरीही २००४ नंतर मास्तर विधानसभेत गेले नाहीत. सोलापूर शहर मध्यमध्ये २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही निवडणुकांत दुसऱ्या क्रमांकाची मते मजलिसच्या उमेदवाराला पडली. कुंभारी शहराबाहेर पडते, मते विखुरली, असे कोणी म्हणेल. मोहल्ल्यातली मते का गेली, याचे उत्तर त्यात नाही.

आमचे डावे मित्र म्हणतात, मुसलमान भावनेत वाहून गेला. इथेच आमचे भांडण आहे. जून २०१४ मध्ये सोलापूरचा एक तरुण संगणक अभियंता पुण्याच्या हडपसरला मारला गेला. नमाज पढून परतत होता, दाढी-टोपीवरून ओळखला गेला. जानेवारी २०२३ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. ज्या आईचा मुलगा शिकून शहरात गेला आहे, तिला त्या वर्षी विडीच्या मजुरीची चिंता मोठी की मुलाच्या दाढीची? तिला भीती वाटली, तर ती भावना? भीती हा पोटाचाच प्रश्न आहे. जीव धोक्यात घालून कोणी नोकरी करीत नाही आणि नाव ऐकून भाड्याची खोली नाकारली जाते, तेव्हा तो घराचाच प्रश्न असतो. वर्ग आधी, बाकीचे नंतर, हे सूत्र पाठ केलेल्यांना हे कसे दिसत नाही?

बरे, अस्मितेकडे वळले की हे मित्र थेट पीर-मौलानांच्या दारात जातात. पश्चिम बंगाल पाहा. ऑपरेशन बर्गाने लाखो बटाईदारांना हक्क दिला, त्यात मुसलमान पुष्कळ. चौतीस वर्षांच्या राजवटीत दंगली आटोक्यात राहिल्या. पण २००६ च्या सच्चर अहवालात दिसले ते असे, की लोकसंख्येत चौथा हिस्सा असलेला हा समाज राज्याच्या नोकऱ्यांत जवळजवळ नाहीच. नोकऱ्या देता आल्या नाहीत. तसलिमा नसरीनच्या पुस्तकावर २००३ मध्ये बंदी मात्र घालता आली आणि २००७ मध्ये तिला कोलकात्याबाहेरही काढता आले. २०२१ मध्ये फुरफुरा शरीफच्या पीरजाद्यांशी युती केली. डाव्यांच्या वाट्याला एकही जागा आली नाही. मुसलमान मतदार म्हणजे मौलानांच्या खिशातली चिल्लर, हा समज संघवाल्यांचा असेल असे आम्ही समजत होतो.

याउलट केरळात शाहबानो प्रकरणाच्या धुमाळीत डाव्यांनी घटस्फोटित बाईची बाजू घेतली, मुस्लिम लीगशी युती नाकारली आणि १९८७ ची निवडणूक जिंकली. लीग गेली म्हणजे मुसलमान गेला, असे काही झाले नाही.

तेव्हा आमचे मागणे अगदी साधे आहे. विडीच्या मजुरीच्या मोर्चात हडपसरच्या खुनाचा फलक का नको? घराचा उतारा बाईच्या नावावर करता, तर तिच्या तलाकच्या, पोटगीच्या भांडणात मौलवीकडे न पाहता तिच्याबरोबर उभे राहायला काय हरकत आहे? आणि मोहल्ल्यात येताना कुणा हजरतांची शिफारस घेऊन येऊ नका, तुमचे पत्रक मराठीत आणा. आमच्या पोरी मराठी शाळेत शिकतात, त्या घरी आईला वाचून दाखवतील.