सर्व्हर सांभाळायला डोळेच हवेत का?

शासकीय रुग्णालयांत दिव्यांगत्व तपासणीच्या दिवशी रांगेत बरेच तरुण असतात. कुणाच्या प्रमाणपत्रावर शंभर टक्के अंधत्व लिहिले जाते, कुणाच्या ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’. शिक्का बसतो, सवलती मिळतात; पुढे काय शिकायचे, हे मात्र कुणी सांगत नाही. संगणकाचा विषय निघालाच तर ‘याला ते जमणार नाही’ म्हणून पालकच मोकळे होतात.

वस्तुस्थिती वेगळी आहे. सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे बरेचसे काम मजकुरावर चालते. लिनक्समध्ये आज्ञा टाइप करायची आणि आलेले उत्तर वाचायचे. ते उत्तर स्क्रीन रीडर बोलून दाखवतो किंवा ब्रेल पट्टीवर उमटवतो. विंडोजवर चालणारा मोफत स्क्रीन रीडर ‘एनव्हीडीए’ 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणानेच सुरू केला. लिनक्ससाठी ‘ऑर्का’ही मोफत मिळतो.

डिस्लेक्सिया हा बुद्धीचा दोष नाही. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालताना मेंदूला अडचण येते, एवढेच. आज्ञेतले एक अक्षर चुकले तर काम बिघडते, हे खरे. पण पहिली काही अक्षरे टाइप करून टॅबचे बटण दाबले की उरलेले नाव संगणकच पूर्ण करतो. नेहमी लागणाऱ्या आज्ञा एकदा तपासून फाइलमध्ये साठवता येतात. अनुभवी तज्ज्ञही रोज हेच करतात.

खरा अडथळा वर्गात आहे. नेटवर्कची रचना फक्त फळ्यावरच्या आकृतीतून शिकवली जाते. स्कॅन केलेल्या पानांच्या नोट्स स्क्रीन रीडरला वाचता येत नाहीत. माउसशिवाय परीक्षा देता येत नाही. आकृतीसोबत शब्दांत वर्णन, मजकुराच्या फाइली आणि परीक्षेत जादा वेळ, एवढ्याने पुष्कळ फरक पडेल. त्याला फार खर्चही येत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले. त्यात अध्ययन अक्षमताही आहे. शासकीय नोकऱ्यांत किमान 4 टक्के जागा राखीव झाल्या. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मात्र प्रशिक्षणच मिळाले नाही, तर राखीव जागेसाठी अर्ज तरी कोण करणार?

म्हणून आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतील शिक्षकांनी एकदा मॉनिटर बंद करून, केवळ आवाजावर आपलाच एक धडा गिरवून पाहावा. आणि प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या डॉक्टरांनी त्याच टेबलावर जवळच्या प्रशिक्षण केंद्राचा पत्ताही द्यावा.