वेडा राघू खरंच वेडा आहे का?

बी.एस्सी.ला 'प्राणी वर्तन' असतं, पण बऱ्याचदा मुलं मागच्या बॅचचं जर्नल उतरवून मोकळी होतात. माझ्या मते, बघितल्याशिवाय हा विषय शिकवूच नये.

आपलं जळगाव जामोद सातपुड्याच्या पायथ्याशी. उन्हाळ्यात वेडा राघू मातीच्या काठात बीळ कोरून घरटं करतो. तेव्हा पुण्याच्या गरवारे महाविद्यालयात असलेले डॉ. मिलिंद वाटवे व सहकाऱ्यांचा याच पक्ष्यावरचा प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस कधी घरटं दिसेल अशा जागी उभा राहायचा, कधी जवळपास तेवढ्याच अंतरावर, पण घरटं दिसणार नाही अशा जागी. घरटं दिसत असलं की राघू कमी वेळा आत शिरायचा. म्हणजे समोरच्याला काय दिसतंय, याचा अंदाज त्याला येत असावा. आणि आपण त्याला वेडा म्हणतो!

असं बघायला वही, घड्याळ आणि धीर पुरतो. दोन मुलांच्या नोंदी जुळल्या नाहीत की 'पुन्हा बघू' असं तीच म्हणतात. उतरवलेल्या जर्नलमध्ये सगळं जुळलेलंच असतं.

पालकहो, मुलगी नाल्याकाठी उभी दिसली तर 'टाइमपास' म्हणून हाक मारू नका. फक्त घरट्यासमोर फार वेळ थांबू नको म्हणावं, आत पिल्लं उपाशी असतात.