बाजरी रेशनच्या दुकानातही हवी

मधुमेहाचे निदान झाले की हल्ली बरेच रुग्ण विचारतात, "डॉक्टर, ओट्स सुरू करू का?" विचारणारा पारनेरचा नाहीतर पाथर्डीचा असतो. ज्याच्या शिवारात पिढ्यान्‌पिढ्या बाजरी पिकली, त्याने महागड्या डब्यासाठी खिसा रिकामा करायची गरज नाही.

शंभर ग्रॅम बाजरीत साधारण सहा मिलिग्रॅम लोह आणि अकरा ग्रॅम तंतुमय घटक असतात. पॉलिश केलेल्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमही नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा सहभाग असलेले 'धनशक्ती' हे बाजरीचे वाण तर जास्त लोहासाठीच निवडलेले आहे.

मात्र बाजरी म्हणजे औषध नव्हे. तिच्यातले सगळे लोह अंगी लागत नाही. सोबत लिंबू किंवा कच्चा टोमॅटो घ्यावा, जेवणावर लगेच चहा पिऊ नये, आणि लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या बंद करू नयेत. तीन-चार भाकरी खाल्ल्या तर साखर भाकरीनेही वाढते. एक-दीड भाकरी, वाटीभर मटकी किंवा हुलगा आणि पालेभाजी, एवढे पुरे.

प्रश्न पोटाचा आहे तसा पाण्याचाही. आपला बराचसा जिल्हा पर्जन्यछायेत येतो. आडसाली ऊस दीड वर्ष पाणी पितो. बाजरी तीन महिन्यांत, बहुतेक पावसावरच, निघते आणि जनावरांना सरमाडही देते. हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली आणि उसाला गावाबाहेर ठेवले. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बियाणे जपले. वाढत्या लोकसंख्येला अन्न पुरवायचे तर कोरडवाहू जमिनीचे पीक ताटात टिकले पाहिजे.

ते का टिकत नाही? रुग्णांना दोष देणे सोपे आहे. पण भाकरी थापायला वेळ लागतो, आणि तो बहुधा घरातल्या बाईचाच जातो. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते, म्हणून सारखे दळण आणावे लागते. (पुरुषांनी भाकरी थापायला शिकावे, हा माझा सल्ला अजून कोणी मनावर घेतलेला नाही.) दुसरीकडे रेशनवर मिळतो तो प्रामुख्याने गहू आणि तांदूळ, तोही मोफत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याचीही तरतूद आहे. मोफत गहू घरात असताना विकतची बाजरी खा, असे मी मजूर बाईला कोणत्या तोंडाने सांगू?

२०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. प्रदर्शने झाली, बाजरीची बिस्किटे आली. आता सरकारने जिल्ह्यातली बाजरी आणि शाळू हमीभावाने खरेदी करून इथल्याच रेशन दुकानांत, अंगणवाड्यांत आणि सरकारी दवाखान्यांच्या भटारखान्यांत द्यावी. पेरणीपूर्वी तसे जाहीर केले, तर शेतकऱ्यालाही पेरा ठरवता येईल.