गाणे विकावे की ठेवावे?

निपाणीजवळच्या एका खेड्यातील तरुण परवा आमच्याकडे आला. तो पेटी वाजवितो, पदे रचितो, चालीही स्वतःच लावितो. हाती एक करारपत्र होते. एका ध्वनिमुद्रण कंपनीने त्याची सहा गाणी एकरकमी मोबदल्यात मागितली होती. "सही करावी, की गाणी स्वतःच इंटरनेटवर ठेवावीत?" असा त्याचा सरळ प्रश्न. घरी बहिणीचे लग्न ठरलेले. तेव्हा रोख रकमेचा मोह आम्हांस मुळीच गैर वाटला नाही.

स्वतः ठेवण्यात स्वातंत्र्य आहे, मुंबईची वाट धरावी लागत नाही, हे खरे. परंतु तेथला हिशेब वाचकांनी समजून घ्यावा. स्पॉटिफाय २०१९ मध्ये भारतात आली. तेथे श्रोत्यांची वर्गणी व जाहिरातींचे उत्पन्न एकत्र करून, एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा वाटा, त्या मानाने हक्कधारकांत वाटणी होते. म्हणजे एखाद्याने महिनाभर केवळ आमच्या या मित्राचीच गाणी ऐकली, तरी त्याची वर्गणी मित्राच्याच पदरी पडेल असे नव्हे. तिचा मोठा भाग नामांकित गायकांकडे जाईल. शिवाय २०२४ पासून, मागील १२ महिन्यांत १,००० वेळाही न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणास मोबदलाच नाही. गावची जत्रा गाजविणारे गाणेही या उंबरठ्याशी अडू शकते.

माल आपला आणि भाव दुसऱ्याचा, ही गोष्ट निपाणीस नवी नाही. १९८१ मध्ये येथील तंबाखू उत्पादक शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. एप्रिलात गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे प्राण गेले. तंबाखू निदान डोळ्यांदेखत तोलली जाते. गाण्याचा काटा दूर कोठल्या यंत्रात!

करारपत्रात 'सर्व हक्क कायमचे' असे शब्द होते. येथे मात्र कायदा त्याच्या बाजूस आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तीनुसार गीतकार व संगीतकार यांनी हक्क विकला, तरी ध्वनिमुद्रणाच्या वापरातून येणाऱ्या स्वामित्वधनातील समान वाटा त्यांना सोडून देता येत नाही; अपवाद वारसांचा व प्रताधिकार संस्थेचा. चित्रपटाबाहेरच्या गाण्यांसही हे लागू आहे.

आम्ही त्यास म्हटले, "रक्कम घ्यायची तर घे, पण गीत आणि संगीत, दोन्हीपुढे तुझे नाव लिहवून घे. आयपीआरएस या संस्थेचा सभासद हो. आणि सहीपूर्वी कागद वकिलास दाखव." त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. कंपनीने आठवड्याची मुदत दिली आहे.