टाकून दिलेले उत्तर

मराठीचा एम.ए. आणि बीजगणिताची वही यांचा संबंध काय, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. परंतु सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकास विषय निवडून घेण्याची मुभा नेहमीच असते असे नाही. गणिताच्या शिक्षकांची जागा काही महिने रिकामी राहिली आणि दहावीचा तो तास माझ्याकडे आला. त्या तासाला माझ्या हातून एक चूक घडली. चूक बेताचीच होती. पण तिने मला जे शिकविले ते मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून या महिन्याचे पान तिला देत आहे.

आमच्या कडगंचीकडील मराठी घरांतली मुले शाळेत कन्नडमधून गणित शिकतात. सुदैवाने या प्रकरणात भाषेची अडचण फारशी येत नाही. 'वर्गसमीकरण' हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे. समीकरणाला उत्तरे किती आहेत हे ज्या संख्येवरून कळते तिला आपण 'विवेचक' म्हणतो, कन्नडमध्ये तिला 'शोधक' म्हणतात. दोन्ही नावे मला आवडतात. आधी शोध आणि मग विवेक, असा हा क्रम आहे. मी नेमका तोच चुकलो.

चाचणीसाठी मी एक उदाहरण रचले होते. शाळेच्या भिंतीला लागून आयताकृती बाग करावयाची आहे. भिंतीची बाजू सोडून उरलेल्या तीन बाजूंना मिळून ४० मीटर कुंपण लागते आणि बागेचे क्षेत्रफळ १५० चौरस मीटर आहे. तर बागेच्या बाजू किती?

भिंतीपासून पुढे येणारी बाजू क्ष आणि भिंतीला समांतर असलेली बाजू य मानली, तर दोन समीकरणे मिळतात. कुंपणाचे समीकरण २क्ष + य = ४०, हे सरळ रेषेचे; आणि क्षेत्रफळाचे क्ष × य = १५०, हे वक्र रेषेचे. पहिल्यावरून य ची किंमत ४० − २क्ष येते. ती दुसऱ्यात घातली आणि दोनाने भागले, की क्ष² − २०क्ष + ७५ = ० हे वर्गसमीकरण उभे राहते. आता ७५ पलीकडे नेऊन दोन्ही बाजूंत १०० मिळविले, तर डावीकडे (क्ष − १०) चा पूर्ण वर्ग होतो आणि उजवीकडे २५ उरतात. २५ चे वर्गमूळ धन ५ आहे, तसेच ऋण ५ ही आहे. म्हणून क्ष = १५ किंवा क्ष = ५.

उदाहरण रचताना मी मनात १५ आणि १० घेतले होते. वर्गातील बहुतेकांनी तेवढेच लिहिले. एका मुलीने मात्र दोन उत्तरे लिहिली : १५ आणि १०, तसेच ५ आणि ३०. मी दुसऱ्यावर तांबडी रेघ मारली आणि निम्मे गुण कापले.

मधल्या सुटीत ती वही घेऊन दाराशी उभी राहिली. “सर, पाच आणि तीसचीही बाग होते ना?” एवढेच तिने विचारले. मी मनाशी हिशेब केला. पाच, पाच आणि तीस मिळून चाळीस. पाच गुणिले तीस, दीडशे. बाग होत होती! माझ्या मनात नव्हती, एवढाच तिचा दोष.

कडगंची हे गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधर यांचे गाव म्हणून आपल्या घरोघरी श्रद्धेने ओळखले जाते. गणिताचा वारसाही येथून फार दूर नाही. कलबुर्गीच्या पलीकडे, सेडम तालुक्यात, कागिणा नदीकाठी मळखेड आहे. राष्ट्रकूटांची मान्यखेट नगरी ती हीच. तेथील सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याची स्तुती महावीराचार्यांनी नवव्या शतकातील आपल्या 'गणितसारसंग्रह' या संस्कृत ग्रंथाच्या आरंभी केली आहे. त्यांचे एक उदाहरण असे. उंटांच्या कळपाचा चौथा हिस्सा रानात दिसला, कळपाच्या वर्गमुळाची दुप्पट डोंगराच्या उतारावर गेली आणि १५ उंट नदीकाठी राहिले. तर उंट किती? उत्तर ३६. रानात ९, डोंगरावर १२, नदीकाठी १५. हेच उदाहरण आजच्या रीतीने मांडले तर आणखी एक संख्या हाती येते, ती म्हणजे शंभराचा नववा भाग, अकराहून किंचित अधिक. पण तिच्यासाठी वर्गमूळ ऋण घ्यावे लागते आणि उंटाचाही तुकडा करावा लागतो. तिला निरोप देण्यास येथे उघड कारण आहे.

याच शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी याने, ज्याच्या ग्रंथाच्या नावातून 'आल्जिब्रा' हा शब्द आला, आमच्या बागेसारख्या समीकरणांना दोन उत्तरे असू शकतात, कधी एकच असते आणि कधी मुळीच नसते, हे स्पष्ट केले होते.

भास्कराचार्यांचे उदाहरण तर या बाबतीत फारच बोलके आहे. त्यांचा जन्म १११४ चा आणि 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ ११५० चा. त्यातील बीजगणितात वर्गसमीकरण सोडविण्याच्या रीतीस 'मध्यमाहरण', म्हणजे मधले पद काढून टाकणे, असे नाव आहे आणि श्रीधराचार्यांचा नियम तेथे आदराने दिला आहे. एका उदाहरणात वानरांच्या टोळीच्या आठव्या हिश्श्याचा वर्ग वनात खेळतो आहे आणि १२ वानर टेकडीवर आहेत. टोळी ४८ ची असू शकते, १६ चीही असू शकते; आचार्यांनी दोन्ही उत्तरे ठेवली आहेत. दुसऱ्या उदाहरणात टोळीच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून जे उरते त्याचा वर्ग गुहेत शिरला आणि एक वानर बाहेर दिसला. येथे उत्तरे ५० आणि ५. परंतु पाचाचा पाचवा हिस्सा एक. त्यातून तीन वजा केले तर उणे दोन वानर होतात आणि अशी गोष्ट लोकांना पटत नाही, म्हणून पाच हे उत्तर त्यांनी सोडले. दोन्ही ठिकाणी उत्तरे आधी पुरती काढली आणि मग प्रत्येकाला उदाहरणाच्या दारात उभे केले. एक उत्तर सोडले, तेही कारण सांगून. माझ्या तांबड्या रेघेपाशी सांगण्यासारखे कारण नव्हते.

त्या मुलीचे गुण मी तेथल्या तेथे पुरे केले आणि दुसऱ्या दिवशी वर्गासमोर माझी चूक सांगितली. मग मोजपट्टी घेऊन आम्ही सगळे खऱ्या भिंतीपाशी गेलो. भिंत भरली २४ मीटर. वही हातात धरून ती मुलगीच प्रथम म्हणाली, “सर, मग तीस मीटरची बाग इथे बसत नाही.” आदल्या दिवशी ज्या उत्तरासाठी ती दाराशी आली होती, तेच तिने आता स्वतः बाजूला ठेवले. कागदावरील प्रश्नात भिंतीची लांबी दिलेली नव्हती, तोवर ते उत्तर खरे होते. भिंत मोजल्यावर त्याला जागा उरली नाही. टाकले गेलेले उत्तर तेच, पण आदल्या दिवशी मी ते टाकले होते सवयीने.

मुलांनी मग विचारले, की एवढ्याच तारेत याहून मोठी बाग होईल काय? क्षेत्रफळ २०० चौरस मीटर घेतले तर विवेचक शून्य होतो, एकच उत्तर येते : १० आणि २०. आलेखावर पाहिले तर रेषा वक्राला जेमतेम स्पर्श करते. २५० घेतले तर विवेचक ऋण होतो, रेषा आणि वक्र भेटतच नाहीत. उत्तर नाही, हेही तेथे उत्तरच आहे. ४० मीटर तारेत तेवढी बाग होणार नाही, हे खड्डे खणण्यापूर्वीच कळते.

आपल्या घरी मूल दोन उत्तरे घेऊन आले, तर पुस्तकाच्या शेवटची पाने एकदम उलटू नयेत. दोन्ही उत्तरे मूळ प्रश्नात घालून पाहा असे त्याला सांगावे, आणि एखादे टाकायचे झाले तर का टाकतोस ते त्याच्याच तोंडून ऐकावे. कारण सांगून सोडलेले उत्तर मुलाला बरेच काही शिकवून जाते. न सांगता खोडलेले उत्तर मात्र त्याला पुढच्या वेळी एकच लिहायला शिकविते.

जाता जाता घरच्यांसाठी एक उदाहरण. भिंत तीच २४ मीटरची, तारही तीच ४० मीटर. बाग मात्र १९२ चौरस मीटरची हवी. उत्तरे किती, आणि भिंत त्यांतली किती मान्य करते?