मोटारीतील स्पीकर बदलताना

मोटारीबरोबर आलेल्या स्पीकरचे पडदे बहुधा साध्या कागदाचे असतात. डग्ग्याचा घुमारा त्यांतून नीट उमटत नाही. नवे घेताना मात्र वॉटच्या मोठ्या आकड्यास भुलू नये. मूळचा स्टिरिओ कायम ठेवावयाचा असल्यास सेन्सिटिव्हिटी पाहावी. ती ३ डेसिबलने अधिक असल्यास तितक्याच आवाजाला निम्मी वीज पुरते. ओहमचा आकडा मूळच्याहून कमी नसावा. तारा कापू देऊ नयेत. तयार कनेक्टर मिळतो. एका बाजूची धन-ऋण टोके उलटी जोडल्यास खर्ज लोपतो. दाराच्या आतील पत्र्याची मोठी छिद्रे बुजवावीत, एरवी महागडा स्पीकरही पोकळ वाजेल. तळाची, पाणी निथळण्याची भोके मात्र मोकळीच ठेवावीत. पावसाळ्यात दार गंजले, तर गाणे फार महाग पडेल.