अडलंय कुठे?

पूजा नाथ कानपूरच्या आयआयटीत कॉम्प्युटर सायन्स शिकत होत्या, तेव्हा त्यांच्या वर्गात मुली अगदी मोजक्या होत्या. मुलं रात्र रात्र लॅबमध्ये एकत्र बसत. एकाला अडलं की तो शेजारच्याला विचारी, मग वाद होत, आणि पहाटेपर्यंत असाइनमेंट हातावेगळी झालेली असे. पूजाही त्याच लॅबमध्ये असत, पण एकट्या. शेजारच्या मुलाला विचारायचा धीर होत नसे. बुद्धीला काही कमी नव्हतं, गाडी अडत होती ती विचारण्यापाशी.

पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये एमबीए करताना, २००९ साली, त्यांनी या अनुभवातूनच ‘पियाझा’ नावाची वेबसाइट उभी केली. इटालियनमध्ये पियाझा म्हणजे गावातला चौक. प्राध्यापकाने आपल्या विषयाचं पान उघडायचं आणि विद्यार्थ्यांनी तिथे प्रश्न टाकायचे. प्रश्न टाकणाऱ्याला वर्गमित्रांपासून आपलं नाव लपवता येतं. विद्यार्थ्यांनी मिळून लिहायच्या उत्तराची जागा वेगळी आणि शिक्षकाच्या उत्तराची वेगळी. विद्यार्थ्यांचं उत्तर बरोबर असेल, तर शिक्षक त्यावर पसंतीची खूण करतो. रचना साधीच आहे. पण ज्या मुलीने लॅबमध्ये कधी तोंड उघडलं नसतं, तिचा प्रश्न इथे सगळ्या वर्गासमोर येतो. आणि बहुतेक वेळा तोच प्रश्न आणखी बऱ्याच जणांच्या घशात अडकलेला असतो.

वर्गातून आता वर्कशॉपकडे.

झेरॉक्स कंपनीची फोटोकॉपी यंत्रं दुरुस्त करणारे टेक्निशियन गावोगाव फिरत. कंपनीने त्यांच्या हाती जाडजूड मॅन्युअल दिलेलं होतं. यंत्राने अमुक एरर कोड दाखवला की तमुक भाग तपासा, अशी पायरीपायरीने सूचना. ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ तेव्हा कंपनीच्याच कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात काम करत होते. त्यांनी १९८०च्या दशकात टेक्निशियनांचं प्रशिक्षण स्वतः घेतलं आणि त्यांच्याबरोबर कामावर हिंडले. या अभ्यासावरचं त्यांचं पुस्तक १९९६मध्ये आलं. त्यांना दिसलं ते असं, की माणसं शिकत होती ती सकाळच्या नाश्त्याला आणि दुपारच्या जेवणाला. कोणत्या गिऱ्हाइकाचं यंत्र कसं रुसलं, कोड एका भागाकडे बोट दाखवत होता आणि दोष भलतीकडेच कसा निघाला, अशा गोष्टी ती एकमेकांना सांगत. एका हट्टी यंत्रापुढे एक टेक्निशियन आणि त्याचा वरिष्ठ तज्ज्ञ कितीतरी वेळ एकमेकांना जुने किस्से सांगत बसले होते. एका किश्शावरून दुसरा आठवत गेला आणि शेवटी त्यातूनच दोष सापडला. बाहेरून पाहणाऱ्या साहेबाला त्या फुकटच्या गप्पाच वाटल्या असत्या.

आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजमध्ये, रिवाइंडिंगच्या दुकानात किंवा एसटीच्या आगारात हेच चालतं. उस्ताद बोलत असतो, पोऱ्या पान्हे देता देता ऐकत असतो. पण गप्पा हवेत विरतात. नागपूरच्या आगारात काल जे उमगलं, ते कोल्हापूरच्या आगाराला कळायला वाटच नसते.

या गप्पा विरू नयेत, त्या दूरवर पोहोचाव्यात, म्हणून झेरॉक्सच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात ‘युरेका’ उभं केलं. त्याआधी त्यांनी दोष शोधून देणारा एक हुशार संगणकप्रोग्राम बनवला होता. टेक्निशियनांनी तो पाहिला आणि मोकळेपणाने सांगितलं, की मॅन्युअलात असलेलं आम्हाला येतंच, आम्ही अडतो ते मॅन्युअलात नसलेल्या दुखण्यापाशी. संशोधकांनी हे मनावर घेतलं आणि दिशाच बदलली. सुरुवात फ्रान्समध्ये झाली. तिथे इंटरनेटच्या आधीपासून घरोघर ‘मिनिटेल’ हे टेलिफोनला जोडलेलं छोटं यंत्र होतं, त्यावरून टेक्निशियन आपापल्या युक्त्या पाठवू लागले. आलेली युक्ती जाणत्या सहकाऱ्यांनी पारखायची आणि टिकली तर ती सगळ्यांसाठी खुली करायची.

युक्तीमागे पैसे द्यावेत का, असा विषय निघाला. टेक्निशियनांनीच नको म्हटलं. पैसे आले की युक्त्यांचे ढीग पडतील आणि कस जाईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांना हवं होतं ते युक्तीखाली आपलं नाव. या जागी थांबून विचार करावा असं वाटतं. आपल्याकडे प्रशिक्षणावर खर्च होतो, हॉल घेतले जातात, प्रमाणपत्रं वाटली जातात. पण ‘ही युक्ती अमक्या फिटरने शोधली’ एवढी एक ओळ कितीशा कारखान्यांत भिंतीवर लागते? नाव लागलं की माणूस लिहिण्याआधी दोनदा तपासतो. झेरॉक्समध्ये हेच झालं आणि जगभरचे हजारो टेक्निशियन युरेका वापरू लागले. ब्राझीलमधलं एक महागडं रंगीत यंत्र काही केल्या दुरुस्त होत नव्हतं, ते बदलूनच द्यायचं घाटत होतं. तेवढ्यात कॅनडातल्या मॉन्ट्रिऑलच्या एका टेक्निशियनने नोंदवलेली युक्ती तिथल्या माणसाला सापडली. दोष होता एका कनेक्टरमध्ये, आणि त्याची किंमत डॉलरहूनही कमी.

विचारणाऱ्याला आडोसा पाहिजे आणि सांगणाऱ्याला नाव पाहिजे. या दोन गरजा एकमेकींच्या उलट दिसतात, पण ऑनलाइन शिकणं जिथे रुजलं तिथे दोन्ही सांभाळल्या गेल्या आहेत. एकीकडेच लक्ष दिलं तर काय होतं, ते ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वर दिसलं. २००८मध्ये सुरू झालेली ही प्रोग्रामरांची जागा. उत्तर देणाऱ्याला गुण मिळत आणि त्याची प्रतिष्ठा वाढे, म्हणून उत्तमोत्तम उत्तरांचा साठा तिथे जमला. पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपन्यांतल्या कितीतरी तरुणांचं रोजचं काम त्यावरच चाललं. पण नवख्याने बाळबोध प्रश्न टाकला की त्याला फटकारलं जाई, प्रश्न बंद केला जाई. आपली जागा नवख्यांना पुरेशी आपुलकीची वाटत नाही, अशी जाहीर कबुली कंपनीला २०१८मध्ये द्यावी लागली.

आणि आपले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप? वर्गाचा, शाळेचा, ऑफिसचा, तालुक्याचा, ग्रुप नाही असं ठिकाण राहिलेलं नाही. कोविडच्या काळात महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांचा अभ्यास याच ग्रुपवरून मुलांपर्यंत गेला. पण नाव आणि नंबर उघडा असल्याने बुजऱ्या मुलाला इथे आडोसा नाही. चांगलं उत्तर दोन दिवसांत फोटोंच्या ढिगाखाली जातं, म्हणजे नावही टिकत नाही. त्यातच २०१८पासून फक्त अ‍ॅडमिननेच लिहायचं, अशी सोय आली. गोंधळ आवरायला ती बरी आहे, पण ती लावली की ग्रुपचा नोटीस बोर्ड होतो. सूचना वरून खाली येतात आणि खालून ‘अडलंय’ असं म्हणायला जागा उरत नाही.

आता प्रश्न यंत्राला विचारायचे दिवस आले आहेत. त्याची चुणूक २०१६मध्येच अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये दिसली होती. अशोक गोयल यांच्या ऑनलाइन वर्गात सुमारे ३०० विद्यार्थी होते आणि एका सत्रात चर्चेत सुमारे १०,००० संदेश पडत. गोयल यांनी साहाय्यक शिक्षकांमध्ये ‘जिल वॉटसन’ नावाचा एक संगणकप्रोग्राम मिसळून दिला. नेमाने पडणाऱ्या प्रश्नांना जिल नीट उत्तरं देई. ती माणूस नाही, हे विद्यार्थ्यांना सत्राच्या शेवटी सांगितलं गेलं. पण जिल शिकली होती ती आधीच्या मुलांनी चारचौघांत विचारलेल्या प्रश्नांवरूनच. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं आणि स्टॅक ओव्हरफ्लोवर नव्या प्रश्नांचा ओघ आटत गेला. यंत्रापुढे लाजायचं कारण नाही, आडोसा पूर्ण मिळतो, आणि त्यात वाईट काही नाही. मात्र तो प्रश्न शेजारच्या बाकावरच्या मुलीला दिसत नाही. तिला वाटतं, हे न समजणारी आपण एकटीच.

एखाद्या आयटीआयच्या निदेशकाला, शाळेतल्या गणिताच्या बाईंना किंवा कारखान्यातल्या सुपरवायझरला हे जमवायला नवं सॉफ्टवेअर लागत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ ग्रुप सगळ्यांना लिहायला खुला करावा. ज्याला लाज वाटते त्याने प्रश्न बाईंना खासगीत पाठवावा, बाईंनी तो नाव न घेता ग्रुपवर टाकावा आणि उत्तर स्वतः न देता अर्धा तास वाट पाहावी. कोणीतरी लिहितंच. चुकीचं लिहिलं तर दुसरा दुरुस्त करतो. मग पक्कं झालेलं उत्तर बाईंनी एका वहीत उतरवावं, खाली उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तारीख घालावी, आणि ती वही वर्गात खिडकीपाशी, कोणालाही चाळता येईल अशी ठेवावी.